कुत्र्यालाही खरारा हवा

मंडळी, आज घरातून निघताना कपड्यांवरचे केस किती जणांनी झटकले? हात वर करा. आणि 'आखूड केसांचं आहे, त्रास नाही' असं ऐकून कुत्रं आणलेले किती? अरे वा, तेच हात पुन्हा वर! म्हणजे आपण सगळे एकाच घरचे.

विषय जाहीर झालाय तो 'वर्षभराची केसगळती आणि दहा मिनिटांचा खरारा'. खरारा म्हणजे जनावराचं अंग दातेरी ब्रशने चोळून साफ करणं; त्या ब्रशलाही खराराच म्हणतात. त्याकडे मी येतोच. पण त्याआधी एक तक्रार मांडू द्या, कारण ती मांडल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

आमची तांबू, तांबूस रंगाची, दोन वर्षांची असतानाची गोष्ट. घरभर केस. गादीवर, पुस्तकांत, चष्म्याच्या डबीत. कोणीतरी म्हणालं, अंगावरचे केस मशीनने उतरवून टाका, मग गळायला उरेलच काय? हिशेब पटण्यासारखा होता. तिला एका ग्रूमिंगच्या दुकानात नेलं. तिथेही कोणी 'नको' म्हटलं नाही. अर्ध्या तासात तिची गुलाबी कातडी दिसू लागली. घरी आली ती थेट टेबलाखाली. दारात उन्हाच्या पट्ट्यात लोळणं हे तिचं रोजचं सुख; उघडी कातडी भाजेल म्हणून तेही बंद करावं लागलं.

आणि केस? गळतच होते! आधी निदान केस दिसायचा, बोटांनी उचलता यायचा. आता त्याचं कुसळ झालं. मोज्यांत, चादरीत, मुलांच्या गणवेशात टोचणारी कुसळं. व्हॅक्यूम क्लीनरलाही दाद देत नव्हती. अंग पूर्ण भरायला चार महिने गेले. ते टेबलाखालचं तोंड मी अजून विसरलेलो नाही. म्हणून सांगतो, ठणकावून सांगतो: केसगळतीसाठी आखूड केसांच्या कुत्र्याची हजामत करू नका. शस्त्रक्रियेसाठी किंवा कातडीच्या उपचारासाठी डॉक्टरांनी केस काढले, तर ती गोष्ट वेगळी.

असं का होतं? वस्तरा चालतो कातडीच्या वर. खाली मुळाला त्याचा पत्ताही नसतो. प्रत्येक केस वाढतो, थांबतो, विसावतो आणि गळतो. पूडल या कुरळ्या केसांच्या जातीचा केस दीर्घकाळ वाढतच राहतो, म्हणून त्याला कात्री लागते. आपल्या आखूड केसांच्या कुत्र्यांचा केस थोडा वाढतो, ठरलेल्या लांबीला थांबतो आणि पुढचा बराच काळ नुसता मुळात बसून असतो. हजामतीने हे वेळापत्रक बदलत नाही, गळणाऱ्या तुकड्याची लांबी तेवढी बदलते.

शिवाय आखूड म्हणजे कमी, हाही गैरसमज. कुत्र्याच्या कातडीतल्या एकेका छिद्रातून केसांचा झुपका निघतो: एक राठ केस, भोवती मऊ लव. लॅब्रेडॉर, बीगल यांच्या अंगावर ही लव दाट असते. लांब केसांच्या कुत्र्याचा गळलेला केस इतर केसांत गुंतून बसतो, कंगवा फिरेपर्यंत. आखूड केसाला अडकायला जागाच नाही. तो थेट सोफ्यावर, आणि ताठ असल्यामुळे कापडात सुईसारखा शिरतो.

मग बारा महिने का? लांडगा वसंतात हिवाळी कोट टाकून मोकळा होतो. केसांना ऋतू कळतो तो मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून. आपल्या घरात रात्री अकरापर्यंत दिवे, हवाही बरीचशी एकसारखी. शरीराला ऋतूची स्पष्ट खूण मिळत नाही, आणि केस रोज थोडेथोडे गळत राहतात.

त्या ताई विचारताहेत, केसांमुळे ॲलर्जी होते का? ॲलर्जीची प्रथिनं असतात लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात; केस त्यांचं वाहन. म्हणून 'आखूड केस, ॲलर्जी नाही' हेही खरं नाही.

आता शब्दाबद्दल. घोड्याला खरारा करतात, बैलाला करतात. कुत्र्याच्या वाट्याला मात्र 'ब्रशिंग' आलं. ब्रश म्हटलं की हात वरवर फिरतो. खराऱ्यात चोळणं आहे, जनावराशी बोलणं आहे, त्याचं अंग चाचपणं आहे. हा शब्द आपल्या घरात परत यावा, अशी माझी फार इच्छा आहे.

चिठ्ठी आलीये, सातच मिनिटं उरलीत. भराभर सांगतो.

खरारा रबरी घ्या, मऊ दात्यांचा. पोलादी पात्याची अवजारं आखूड केसांत कातडी ओरबाडतात. आधी गोल गोल चोळा, मग केसांच्या दिशेने ओढा. मान, बरगड्या, मांड्यांची मागची बाजू, शेपटीचं मूळ इथे वेळ द्या. पोट आणि पायांवर हात हलका. शेवटी ओलसर फडका. आठवड्यातून दोन-तीनदा, दहा मिनिटं. केस थांबणार नाहीत, पण सोफ्यावर पडायचे ते खराऱ्यात येतील.

अंघोळीआधी खरारा, नंतर नाही. पाणी कोमट, शाम्पू कुत्र्यांचाच. माणसाची त्वचा जास्त आम्लधर्मी असते, आपला शाम्पू त्यांना मानवत नाही. फेस पूर्ण निघू द्या. उठसूट अंघोळ घातली तर कातडी कोरडी पडून गळती वाढते. सोफ्यावर ओला रबरी हातमोजा फिरवा, केसांच्या वळ्या होतात. कुत्र्याच्या बसायच्या जागेवर चादर टाका आणि धुण्याआधी बाहेर झटका.

खाणं: केस जवळजवळ सगळा प्रथिनांचा, तेव्हा आहारात तिथे काटकसर नको. माशाचं तेल द्यायचं तर डॉक्टरांना विचारून. जास्त झालं की जुलाब. फरक दिसायला दीड-दोन महिने द्या.

आणि हे लिहूनच घ्या. टक्कल, लाली, सतत खाजवणं, दुर्गंधी दिसली तर डॉक्टर. दोन्ही कुशींवर सारखेच केस विरळ झाले, सोबत वजन आणि सुस्ती वाढली, तर थायरॉइड तपासा. पाणी फार पिणं, लघवी वाढणं आणि पोट सुटणं हे दिसलं तर अधिवृक्क, म्हणजे मूत्रपिंडाजवळच्या ॲड्रिनल ग्रंथी तपासा. पिल्लं झाल्यावर मादीचे केस भरपूर गळतात, ते सहसा परत येतात.

तांबू बाहेर सतरंजीवर आहे, दोन खरारे आणलेत. दोघा-दोघांनी या, समोरून वाकू नका, बाजूने बसा आणि आधी तिला हात हुंगू द्या.