गूळ जरा कमी पडलाय

नमस्कार मंडळी. जेवणं झाली का? झाली नसतील तर रेडिओ उचलून स्वयंपाकघरात न्या, आज डाळीचीच गोष्ट आहे.

म्हणजे मला दिलेला विषय डाळ नाहीये हां. विषय आहे ‘शब्द, सर्जनशीलता आणि सहृदयता’. आता ह्या वयात सर्जनशीलता म्हणताना कवळी सांभाळावी लागते, त्यामुळे तो शब्द मी आज एवढाच वापरणार. लोक विचारतात, तुम्हाला सुचतं कसं? मेथी निवडताना सुचतं. वाल सोलताना पण. कागद घेऊन बसलं की सगळं पळून जातं, म्हणून मी पेन फ्रीजवर ठेवते आणि लिहिते दूधवाल्याच्या बिलामागे. दुसरा प्रश्न असतो, पहिली गोष्ट कधी लिहिली? छापून आलेली चौतिसाव्या वर्षी. पण त्याच्या आधीची एक आहे, ती कुठेच छापली नाही, ती शेवटी सांगते.

तर शब्द. आपण बडोद्याची माणसं, घरात मराठी, दाराबाहेर गुजराती, आणि उंबऱ्यावर दोन्हीची खिचडी. ‘काका नवरा छे?’ हा जोक तर तुम्हाला पाठच असेल, इलेक्ट्रिशियन दारात येऊन विचारतो काका रिकामे आहेत का आणि पुण्याहून आलेली नवी सून आतून ओरडते, हो हो, काकूंचा! प्रत्येक लग्नात कोणीतरी सांगतंच आणि आपण प्रत्येक वेळी हसतोच.

सयाजीराव महाराजांना ह्या घोळाची चांगलीच कल्पना असणार. राजा मराठी, रयत बहुतेक गुजराती, कागदपत्रांत फारसी शब्द घुसलेले, वरून इंग्रजी. 1931 साली त्यांच्या राज्यात एक कोश निघाला, श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु, त्यात कारभारातले शब्द आठ भाषांत दिले. आठ बरं का. इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली. लोक म्हणतात ही विद्वत्ता, असेल, पण मला त्यात माया दिसते, की कागद ज्याच्या हातात पडणार आहे त्याला तो कळावा. ह्याच महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून बोर्डेनसाहेब नावाच्या ग्रंथपालांना बोलावलं आणि राज्यभर वाचनालयं काढली, पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फुकट फिरायच्या. नाहीतर आजचा कुठलाही फॉर्म घ्या, ‘प्रमाणित प्रत संलग्न करावी’. अरे झेरॉक्स जोडा म्हण ना! बिचारे म्हातारे लोक चष्मा वरखाली करत उभे असतात खिडकीपाशी आणि आतला माणूस फोनमध्ये. जाऊ दे, ह्यावर बोलायला लागले तर डाळ राहून जाईल.

कोशात कारभारातले शब्द आहेत. पण कचेरीत कोणाला खोटं लागत नाही, त्यामुळे मी सांगणार आहे तो शब्द त्यात असेल असं मला वाटत नाही. तो शब्द म्हणजे ‘खोटुं’. मराठीत खोटं म्हणजे लबाडी. गुजरातीत खोटुं म्हणजे चूक, लबाडी पण, आणि खोटुं लागणं म्हणजे मनाला लागणं, वाईट वाटणं. एवढं डोक्यात ठेवा. खोटुं लागणं म्हणजे वाईट वाटणं.

मी तेव्हा नऊ वर्षांची. आम्ही दांडिया बजारला वाड्यात राहायचो, मध्ये चौक, वर गॅलरी, समोरच्या बाजूला एक गुजराती कुटुंब, त्यांना आम्ही नुसतं बेन म्हणायचो. आई बाळंतपणाला दवाखान्यात होती आणि घर सांभाळायला पुण्याहून आत्या आली, सदाशिव पेठेतली, म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच. तिला आमची चूल सापडेना, डबे सापडेनात, म्हणून बेन रोज दुपारी डाळ पाठवायच्या. गुजराती डाळ, गूळ, कोकम, शेंगदाणे, सगळं रीतसर. दोन दिवस आत्या गप्प बसली. तिसऱ्या दिवशी एक घास घेतला आणि म्हणाली, ‘हे वरण आहे का पाक? ह्यात बुंदी सोडली तर लाडू वळता येतील.’

आणि बेन दारात. डब्याचं झाकण न्यायला परत आल्या होत्या. आत्याची समजूत अशी की गुजराती माणसाला मराठी कळत नाही. अहो, दांडिया बजारात तेव्हा भाजीवाल्याला पण मराठी कळायचं! बेन हसल्या, झाकण घेतलं आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी डाळ आली नाही. तिसऱ्या दिवशी पण नाही.

आत्या कोणाला सॉरी म्हणणाऱ्यातली नव्हती. (एक सांगू, आताचं ते सॉरी मला पटतच नाही, बसमध्ये पायावर पाय दिला तरी सॉरी आणि कोणाचं मन मोडलं तरी तेच सॉरी, एका मापाने गहू आणि केशर दोन्ही मोजल्यासारखं वाटतं.) पण रात्री तिचं कुशी बदलणं चाललं होतं, मी शेजारीच झोपायचे. सकाळी मला म्हणाली, ‘जा गं, त्या बेनना सांग, आत्या बोलली ते मनाला लावून घेऊ नका.’ मला कुठला धीर त्यांच्या घरात जायचा, मी चौकात उभी राहिले, त्या समोर कपडे वाळत घालत होत्या, वरती गॅलरीत आत्या लक्ष ठेवून, आणि मी तिचा निरोप मोठ्याने, अगदी चोख गुजरातीत दिला, ‘बेन, आत्याए कह्युं छे के खोटुं ना लगाडता!’

सगळ्या वाड्याने ऐकलं. आत्याने त्यातलं फक्त ‘खोटुं’ ऐकलं.

‘कार्टे! मी खोटं कधी बोलले? पाक होता तो, पाक! चारचौघांत मला खोटं पाडतेस?’ आता हे पण वाड्याने ऐकलं, आणि पाक पुन्हा एकदा बेनच्या कानावर गेला. मी रडायला लागले. वाटलं की माझ्यामुळे आता पुणे आणि बडोदं कायमचं तुटलं.

बेन ओल्या हातांनीच चौक ओलांडून आमच्या जिन्याने वर गेल्या. मी मागे मागे. त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, ‘ताई, बोलण्याचं खोटं नाही. लागण्याचं खोटं.’ आत्या बघत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे डाळ मला गोड लागली, तसं माझं बोलणं तुम्हाला खोटं लागलं?’ बेन म्हणाल्या, ‘हा, बस, एम ज.’ झालं. दोघींपैकी कोणी माफी मागितली नाही की कोणी दिली नाही.

त्या दिवशी दुपारी डाळ आली. डबा घेऊन बेन स्वतः आल्या आणि ह्या वेळी झाकणासाठी थांबल्या. आत्याने वाटीत घेतली, फुंकर घातली, भुरका मारला. बेननी आत्यासाठी गूळ नावालाच घातला होता, ते मला पण चवीवरून कळलं. आत्या त्यांच्याकडे बघून म्हणाली, ‘आज गूळ जरा कमी पडलाय हो.’

आता गोड डाळ म्हटलं की तोंड वाकडं करणारी बाई ती! तेवढं मात्र ती साफ खोटं बोलली. आणि ते कोणालाच खोटं लागलं नाही.

मी आयुष्यभर शब्द मागेपुढे करत बसलेय, हा नको तो घेऊ, तर मला अजून तो चौक आठवतो. निरोप माझा व्याकरणाने एकदम बरोबर होता, भाषांतर चोख होतं, आणि तरी रडायची वेळ आली, कारण खाली ऐकणारी एक होती आणि वर दुसरी. लिहिताना वरच्या गॅलरीत कोण उभं आहे ते मी अजून बघून घेते. शुद्धलेखनवाले रागावतील, पण ऱ्हस्व-दीर्घाचं मी नंतर बघते.

बरं, समोरून खूण झाली, वेळ संपत आलीये. एवढं सांगते आणि थांबते, ती न छापलेली गोष्ट राहिली ना.

आत्या पुण्याला परत गेली आणि पोस्टकार्डं यायला लागली, एक आम्हाला, एक बेनना. खाली ठरलेलं, ‘लोभ असावा, खोटं लागू नये.’ बेनना मराठी बोललेलं कळायचं पण आत्याची वळणदार अक्षरं लागायची नाहीत, म्हणून वाचायला मी. पाऊसपाणी, कोणाचं लग्न, मोरीचा नळ, असलंच सगळं. बेन शेवटपर्यंत ऐकायच्या आणि हळूच विचारायच्या, ‘डाळनुं कंई लख्युं छे?’

मी कार्ड उलटंसुलटं करायचे, आणि वाचायचे, ‘हो, लिहिलंय ना. तुमच्यासारखी डाळ इथे कोणाला जमत नाही, गूळ नेमका किती घालता ते कळवा.’

कार्डावर तसं काही नसायचं.