गोल कोण करणार? बाद फेरीच्या भाकितांविषयी

मित्रहो, फुटबॉलमधला बाद फेरीचा आंतरराष्ट्रीय सामना जवळ आला की दोन प्रश्न जिकडेतिकडे ऐकू येतात. जिंकणार कोण, आणि गोल कोण करणार? पहिल्या प्रश्नावर लोक निदान वाद तरी घालतात. दुसऱ्यावर मात्र थेट एक नाव फेकलं जातं. 'आज हा मारणारच.' टिप म्हणून विकलं जातं तेही बहुतेक वेळा एवढंच असतं. माझं म्हणणं असं आहे की गोल कोण करणार हा प्रश्न आपण गुणवत्तेचा समजतो, पण तो बराचसा मिनिटांचा प्रश्न आहे. खेळाडू किती मिनिटं मैदानात राहील, त्या मिनिटांत त्याच्या संघाकडून किती गोल व्हावेत, त्यात त्याचा वाटा किती, आणि पेनल्टी मिळाली तर चेंडू कोण हातात घेणार. या चार गोष्टी ज्या टिपमध्ये नाहीत, त्या टिपला मी भाकीत म्हणणार नाही.

आधी भावाबद्दल बोलू, कारण बुकीची सगळी भाषा भावातच असते. २.५० चा भाव म्हणजे लावलेल्या एकाचे अडीच परत, मुद्दल धरून. हा आकडा उलटा करा, १ भागिले २.५०, की ४० टक्के शक्यता हाती येते. आता समजा एका सामन्यात एका संघाच्या विजयाचा भाव १.८०, बरोबरीचा ३.६० आणि दुसऱ्या संघाचा ४.७५ आहे. तिन्ही उलटे केले की ५५.६, २७.८ आणि २१ टक्के मिळतात. बेरीज होते १०४.४. शक्यतांची बेरीज शंभराच्या वर जाऊच शकत नाही. वरचे साडेचार टक्के ही बुकीची कमाई, आणि ती सामना सुरू होण्याआधीच भावात मुरलेली असते. गोल करणाऱ्याच्या बाजारात ही कमाई सहसा याहून जाड असते. तिथे वीस-पंचवीस नावं असतात, आणि 'हा गोल करेल' यावर पैसे लावता येतात, पण 'हा करणार नाही' असं म्हणायची सोय बहुतेक ठिकाणी नसते. त्यामुळे लोकप्रिय नावाचा भाव मुद्दाम कमी ठेवला तरी त्याला वर ओढणारं कोणी उरत नाही. लाडक्या खेळाडूवर पैसे लावणारे लोक त्या प्रेमाची किंमत मोजत असतात, आणि ती त्यांना कुणी सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता प्रत्यक्ष हिशोब करू. फुटबॉलमधले गोल मोजायला संख्याशास्त्रात पॉइसाँ वितरण वापरतात, म्हणजे सरासरीवरून शून्य, एक, दोन गोल होण्याची शक्यता काढायचं सूत्र. १९८२ मध्ये माहेर नावाच्या संशोधकांनी संघांच्या आक्रमणाची आणि बचावाची ताकद धरून हे गणित मांडलं. १९९७ मध्ये डिक्सन आणि कोल्स यांनी त्यात सुधारणा केली, खास करून ०-० आणि १-१ सारख्या कमी गोलांच्या निकालांसाठी. आपण साधं रूप घेऊ. एका संघाकडून ९० मिनिटांत सरासरी १.४ गोल अपेक्षित आहेत, दुसऱ्याकडून ०.९. बाद फेरीतल्या जरा उजव्या-डाव्या जोडीला शोभेल असे हे आकडे आहेत. यातून सर्वात शक्य निकाल निघतो १-०, आणि त्याची शक्यता १४ टक्के. सात वेळा हे भाकीत केलं तर सहा वेळा चुकेल, आणि तरीही त्या सामन्याचं याहून चांगलं नेमकं भाकीत नाही! वरचा संघ ९० मिनिटांत जिंकण्याची शक्यता सुमारे ४९ टक्के, खालचा जिंकण्याची २४, आणि बरोबरीची २७.

त्या १.४ गोलांतले ३० टक्के एकट्या नऊ नंबरच्या, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या, वाट्याचे आहेत असं धरू. स्ट्रायकरसाठी हा वाटा चांगलाच मोठा आहे. होतात ०.४२. पण तो पूर्ण वेळ खेळत नाही. ७५ व्या मिनिटाला बाहेर आला तर उरतात ०.३५. म्हणजे त्याने निदान एक गोल करण्याची शक्यता ३० टक्क्यांच्या आत-बाहेर. मैदानावरचा सर्वात धोकादायक माणूस, आणि दहापैकी सात सामन्यांत तो गोलशिवाय परततो. या शक्यतेचा न्याय्य भाव ३.४० च्या आसपास येतो. बुकीने २.७५ दिला असेल तर तो तुम्हाला ३६ टक्क्यांच्या किमतीला ३० टक्के विकतोय. टिप देणाऱ्याने नाव बरोबर ओळखलं असेलही, पण त्या भावात ती टिप वाईटच.

पेनल्टीने हा हिशोब किती हलतो ते बघा. २०१८ च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत २९ पेनल्टी दिल्या गेल्या आणि त्यातल्या २२ वर गोल झाले. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासण्याची सोय, विश्वचषकात तेव्हा पहिल्यांदा आली होती आणि पेनल्टींचा तो विक्रम होता, हे लक्षात ठेवू. पण तोच आकडा धरला तर प्रत्येक संघाला सामन्यामागे ०.१७ गोल पेनल्टीतून मिळाले. आपल्या नऊ नंबरच्या ०.३५ शेजारी तो ठेवा. जवळजवळ निम्मा! दोन सारखेच स्ट्रायकर असतील आणि एक पेनल्टी मारत असेल, दुसरा मारत नसेल, तर भाकिताच्या दृष्टीने ते सारखे नाहीतच.

इथे इंग्लंडच्या हॅरी केनचं २०१८ च्या विश्वचषकातलं उदाहरण फार बोलकं आहे. सहा गोल, आणि सर्वाधिक गोलांसाठीचा गोल्डन बूट. ट्युनिशियाविरुद्ध दोन, पनामाविरुद्ध तीन. बाद फेरी सुरू होताना 'केन गोल करणार' याहून सोपी टिप नव्हती. नंतर काय झालं? कोलंबियाविरुद्ध एक, तोही पेनल्टीवर. स्वीडनविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात मॅग्वायर आणि अली यांनी गोल केले, क्रोएशियाविरुद्ध उपांत्य सामन्यात ट्रिपियरने फ्री किकवर. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात इंग्लंडचा गोलच झाला नाही. केनच्या सहापैकी तीन गोल पेनल्टीचे होते. तो वाईट खेळला असं मी म्हणत नाही. साखळीतल्या दुबळ्या बचावापुढचा आकडा घेऊन बाद फेरीत जाता येत नाही, एवढंच. उलट दिशेनेही तसंच. १९८२ च्या विश्वचषकात इटलीच्या पाओलो रॉसीने पहिल्या चार सामन्यांत एकही गोल केला नव्हता. मग दुसऱ्या साखळीतल्या निर्णायक सामन्यात ब्राझीलविरुद्ध तीन, उपांत्य सामन्यात पोलंडविरुद्ध दोन, अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध एक. 'फॉर्मात आहे' आणि 'फॉर्म हरवलाय' ही दोन्ही वाक्यं चार-पाच सामन्यांच्या जोरावर बोलली जातात, आणि एवढ्याशा सामन्यांतून काही सिद्ध होत नाही.

बाद फेरीत एक गोष्ट मात्र खरोखर वेगळी घडते. दोन्ही संघ सावध असतात, मोकळी जागा मिळत नाही, आणि मग कॉर्नर-फ्री किकला किंमत येते. २०१८ च्या उपांत्य सामन्यात फ्रान्सने बेल्जियमला १-० ने हरवलं, तो गोल उम्तीतीचा, कॉर्नरवरून डोक्याने. २०१० च्या उपांत्य सामन्यात स्पेनने जर्मनीला १-० ने हरवलं, गोल पुयोलचा, तोही कॉर्नरवरून डोक्यानेच. दोघेही बचावपटू. त्याच २०१८ च्या स्पर्धेत फ्रान्सच्या पहिल्या पसंतीचा स्ट्रायकर जिरू याने संपूर्ण स्पर्धेत एकही गोल केला नाही आणि फ्रान्स जगज्जेता झाला. संघाला तो हवा होता, फक्त गोल करण्यासाठी नव्हे, एम्बाप्पे आणि ग्रीझमन यांना जागा करून देण्यासाठी. गोलच्या यादीत ते दिसत नाही.

आता मी ज्याला सर्वात जास्त महत्त्व देतो त्या नियमाकडे येतो, कारण सर्वाधिक माणसं इथेच फसतात. गोल करणाऱ्यावरची आणि निकालावरची नेहमीची पैज ९० मिनिटं आणि भरपाई वेळ एवढ्यावरच ठरते. जादा वेळेतला गोल त्यात धरत नाहीत. पेनल्टी शूटआउटमधले गोल तर नाहीतच, आणि स्वयंगोल कुणाच्याही खात्यावर जात नाही. 'पुढच्या फेरीत कोण जाणार' हा वेगळा बाजार असतो, त्याचा भाव वेगळा. आता २००६ ते २०२२ पर्यंतचे विश्वचषकाचे पाच अंतिम सामने आठवा. २००६ मध्ये ९० मिनिटांनंतर १-१, २०१० मध्ये ०-०, २०१४ मध्ये ०-०, २०२२ मध्ये २-२. पाचांपैकी चार! फक्त २०१८ चा सामना वेळेत मिटला. स्पेनच्या इनिएस्ताचा २०१० मधला गोल ११६ व्या मिनिटाचा, जर्मनीच्या ग्योट्झेचा २०१४ मधला ११३ व्या मिनिटाचा. युरो, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेच्या, २०१६ च्या अंतिम सामन्यात पोर्तुगालच्या एदेरने गोल केला तो १०९ व्या मिनिटाला. ज्यांनी ही नावं आधीच ओळखली असतील त्यांचं फुटबॉलचं ज्ञान पक्कं ठरलं, पण नेहमीच्या नियमाने त्यांची पैज हरली. २०२२ च्या अंतिम सामन्यात एम्बाप्पेने ८० आणि ८१ व्या मिनिटाला गोल केले आणि तिसरा ११८ व्या मिनिटाला. इतिहासात त्याची हॅटट्रिक नोंदली गेली. ९० मिनिटांच्या हिशोबात मात्र त्याचे दोनच.

आणि ही अपवादाची गोष्ट नाही. २०२२ च्या बाद फेरीत तिसऱ्या क्रमांकाचा सामना धरून १६ सामने झाले. पाच सामने शूटआउटपर्यंत गेले: जपान-क्रोएशिया, मोरोक्को-स्पेन, क्रोएशिया-ब्राझील, नेदरलँड्स-अर्जेंटिना आणि अंतिम सामना. मघाशी आपण बरोबरीची शक्यता २७ टक्के काढली होती, इथे ती ३१ टक्के भरली. म्हणून कुणी 'अमुक संघ जिंकणार' म्हटलं की मी पहिल्यांदा विचारतो, ९० मिनिटांत का पुढच्या फेरीत? उत्तर देता आलं नाही तर पुढे ऐकण्यात अर्थ नसतो.

थोडं बदली खेळाडूंबद्दल. आता पाच बदल करता येतात, जादा वेळेत आणखी एक. युरो २०२४ मध्ये याचं चित्र स्पष्ट दिसलं. उपांत्य सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध इंग्लंडला जिंकून दिलं वॉटकिन्सने, तो केनच्या जागी आला होता. उपांत्यपूर्व सामन्यात जर्मनीला हरवणारा स्पेनचा मेरीनो बदली, अंतिम सामन्यात इंग्लंडला हरवणारा स्पेनचाच ओयारसाबाल बदली. त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल किती होते? तीन, आणि तेही सहा जणांचे. अशा स्पर्धेत 'सर्वाधिक गोल कोण करणार' यावर छातीठोकपणे बोलणाऱ्याला कशाच्या जोरावर बोलतोस, असं विचारलंच पाहिजे.

टिप देणाऱ्यांच्या यशाबद्दलही विचारायला हवं. २०१० मध्ये जर्मनीतल्या ओबरहाउझेनच्या मत्स्यालयातल्या पॉल नावाच्या ऑक्टोपसने आठपैकी आठ सामन्यांचे विजेते बरोबर निवडले. दोन डब्यांतून एक निवडायचा, आठ वेळा. नुसत्या नशिबाने असं होण्याची शक्यता २५६ मध्ये १. आता २५६ माणसांनी डोळे मिटून आठ सामन्यांचे अंदाज दिले तर सरासरीने त्यातला एक जण सर्व आठ बरोबर सांगेल, आणि आपल्या कानावर फक्त त्याचंच नाव येईल. उरलेले २५५ गप्प बसतात. म्हणून 'माझ्या मागच्या आठ टिप्स बरोबर आल्या' या वाक्याला मी किंमत देत नाही. मला सगळ्या टिप्स हव्यात, चुकलेल्यासुद्धा, प्रत्येकीच्या वेळच्या भावासकट. तीस टक्के शक्यता सांगितलेल्या शंभर टिप्सपैकी तीसच्या आसपास बरोबर आल्या, तर तो माणूस प्रामाणिक आणि हुशार दोन्ही आहे. साठ बरोबर आल्या तर त्याचे टक्के चुकले आहेत, लोक मात्र त्याला डोक्यावर घेतील.

शेवटचा मुद्दा वेळेचा. टिप्स दोन-तीन दिवस आधी फिरू लागतात, आणि संघ जाहीर होतो सामन्याच्या तासाभर आधी. ६ डिसेंबर २०२२ ला पोर्तुगाल-स्वित्झर्लंड सामन्याचा संघ जाहीर झाला आणि रोनाल्डो सुरुवातीच्या अकरांत नव्हता. त्याच्या जागी आलेल्या गोन्सालो रामोसने तीन गोल केले, पोर्तुगाल ६-१ ने जिंकला. आदल्या दिवशी रोनाल्डोच्या गोलची शक्यता कितीही काळजीपूर्वक काढली असती तरी तिच्यातला मिनिटांचा आकडाच बदलला होता. २०१४ च्या उपांत्य सामन्यात ब्राझीलकडे जखमी नेमार नव्हता आणि कार्डांमुळे कर्णधार आणि बचावपटू थियागो सिल्वाही नव्हता. १-७ हा निकाल त्यातून सांगता आला नसता, पण ब्राझीलचा बचाव नेहमीचा नाही एवढं आधी दिसत होतं.

तेव्हा अशा सामन्यासाठी मी स्वतः भाकीत लिहायला बसलो तर कागदावर एवढं लिहीन. वरचा संघ ९० मिनिटांत ४९ टक्के, बरोबरी २७, खालचा संघ २४. पुढच्या फेरीत जाण्यासाठी वरचा संघ ६० ते ६५ टक्के, कारण जादा वेळ आणि शूटआउटमध्ये दोघांतला फरक कमी होतो. नऊ नंबरचा गोल ३० टक्के, पेनल्टी त्याच्याकडे नसेल तर त्याहून कमी. कॉर्नरवर पुढे येणारा उंच मध्यरक्षक किंवा बचावपटू, सात-आठ टक्के. आणि खाली तारीख, वेळ, आणि 'संघ जाहीर होण्याआधी' असा शेरा. अकरा नावं आली की मिनिटांचे आकडे बदलून दुसरा कागद लिहायचा, पण पहिला फाडायचा नाही. सामना संपल्यावर दोन्ही शेजारी ठेवून बघायचे असतात.