आधी शी बघा, मग चिठ्ठी लिहा

लहान मुलांच्या जुलाबांमागचे जीवाणू आणि निकामी होत चाललेली अँटिबायोटिक्स असा माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला आहे. जीवाणूंची यादी मी देणारच आहे. पण आधी जपानमधली हकिकत सांगते, कारण ती मनात पक्की बसल्याशिवाय यादी हाती देऊन उपयोग नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे रक्ती आवेवर सल्फाची औषधं भरमसाट वापरली गेली. काही वर्षांतच रक्ती आवेचा जीवाणू, शिगेला, त्यांना दाद देईनासा झाला. मग टेट्रासायक्लिन, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आली. १९५५च्या सुमारास या चारही औषधांना एकदम न जुमानणारा शिगेला सापडू लागला. जनुकात आपसूक बदल होऊन एका औषधाचा प्रतिकार येतो, हे ठाऊक होतं. पण चार औषधांसाठीचे चार बदल एकाच पेशीत, तेही एका दमात? हिशेब जुळेना. त्यातच एकाच साथीत औषधाला मरणारा आणि न मरणारा, असे एकाच जातीचे दोन्ही शिगेला निघत होते. शिवाय रुग्णांच्या आतड्यात नेहमीच राहणारा जीवाणू, ई. कोलाय, तोही त्याच चार औषधांना पुरून उरत होता.

१९५९मध्ये अकिबा आणि ओचियाई या जपानी संशोधकांच्या गटांनी असा प्रतिरोधी, म्हणजे औषधांना न मरणारा, ई. कोलाय आणि औषधाला मरणारा शिगेला एकत्र वाढवून पाहिले. त्यातून निघालेले काही शिगेला औषधांना दाद देईनात. प्रतिकार एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे गेला होता. तो वाहून नेणारे डीएनएचे छोटे तुकडे, म्हणजे प्लाझ्मिड, आज आपल्या ओळखीचे आहेत.

आता पाण्यासारखे जुलाब होणारं वर्षाचं मूल डोळ्यांसमोर आणा. शीमध्ये रक्त नाही. दुसऱ्या दिवशी त्याला दोन औषधांचं मिश्रण असलेलं अँटिबायोटिक सिरप दिलं जातं, चौथ्या-पाचव्या दिवशी जुलाब थांबतात आणि सगळे म्हणतात, औषध लागू पडलं. अहो, असे बहुतेक जुलाब तेवढ्या दिवसांत आपोआपच थांबतात! रोटाव्हायरस या जुलाबांच्या विषाणूवर तर अँटिबायोटिक चालतच नाही. पण त्या पोटातल्या निरुपद्रवी ई. कोलायमध्ये प्रतिरोधी तेवढे मागे उरले. पुढे त्याच पोटात शिगेला आला, की त्याला द्यायला प्लाझ्मिड तयारच. माझी तक्रार या सिरपबद्दल आहे, आणि ती मी जिथे संधी मिळेल तिथे मांडते.

‘पण मूल फारच गळालेलं असेल तर?’ हा प्रश्न येतोच. आशिया-आफ्रिकेतल्या सात देशांत आठ हजारांहून अधिक मुलांवर हेच तपासलं गेलं. पाण्यासारखे जुलाब आणि सोबत शुष्कता, म्हणजे अंगातलं पाणी कमी होणं, किंवा कुपोषण असलेली, दोन वर्षांच्या आतली मुलं. निम्म्यांना तीन दिवस ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं. १८० दिवसांतल्या मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. हे निष्कर्ष २०२१मध्ये प्रसिद्ध झाले.

दहाच मिनिटं उरली आहेत अशी खूण आली, तेव्हा यादी आता भरभर घेऊ.

ईटेक, म्हणजे विष सोडणारा ई. कोलाय: पाण्यासारखे जुलाब, उपचार ओआरएस (मीठ-साखरेचं पाणी) आणि झिंक. पाण्यासारख्या जुलाबांत अँटिबायोटिकला मुख्य अपवाद कॉलऱ्याचा. तिथेही आधी पाणी भरून काढायचं. शिगेला: दहा ते शंभर जीवाणूही पुरतात; ताप, कुंथणं, आव-रक्त. इथे अँटिबायोटिक हवंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५च्या सूचनांत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक पहिलं होतं, किलोला १५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, तीन दिवस. आशियात त्याचा प्रतिकार आता इतका पसरलाय की स्थानिक अहवाल पाहूनच औषध निवडा. दोन दिवसांत उतार नसेल तर बदला. कॅम्पिलोबॅक्टर, जुलाबांचा आणखी एक जीवाणू: एका जनुकातला एकच बदल त्याला सिप्रोफ्लॉक्सासिनपासून वाचवतो.

कल्चर, म्हणजे जीवाणू वाढवून पाहण्याची तपासणी, पाठवायचं तर पहिल्या डोसच्या आधी. शीमधला आव-रक्ताचा भाग स्वॅबवर (कापूस लावलेल्या काडीवर) घ्या, लगेच कॅरी-ब्लेअर या जीवाणू जिवंत ठेवणाऱ्या माध्यमात बुडवा आणि थंड डब्यातून पाठवा; कोरड्या स्वॅबवर शिगेला लवकर मरतो. प्रयोगशाळेत जीवाणू वाढवण्याच्या मॅकॉन्की प्लेटवर ई. कोलाय गुलाबी दिसतो, शिगेला फिका. ‘ई. कोलाय वाढला’ एवढाच अहवाल आला तर त्यावर औषध देऊ नका. तो प्रत्येकाच्या शीमध्ये असतो, आणि त्रास देणारा कोणता हे नुसत्या प्लेटवर कळत नाही.

शेवटी ओआरएस. अख्खं पाकीट, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, बहुधा एक लिटर. पेलाभर पाण्यात अर्धं टाकलं तर मीठ-साखर इतकी वाढते की जुलाब उलट बळावतात. काही प्रमाणात शुष्कता असेल तर किलोला ७५ मिलिलिटर, चार तासांत. दहा किलोच्या मुलाला ७५० मिलिलिटर, चमच्याचमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा हळूहळू सुरू करा. झिंक रोज २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांच्या आत १० मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस. जुलाब थांबले म्हणून ते तिसऱ्या दिवशी बंद करू नका. पुढचे दोन-तीन महिने जुलाब कमी व्हावेत म्हणूनही ते द्यायचं असतं.