चढणीच्या माशाला वाट द्या

श्रोतेहो, नमस्कार.

मृग आठवड्यावर आलाय. राधानगरीकडं ढग दाटायला लागले की आमच्या गावात अजूनही एक हाक उठते, 'मासं चढायला लागलं!' मग बादल्या निघतात, बुट्ट्या निघतात, जुन्या मच्छरदाण्या निघतात आणि सगळं गाव ओढ्यावर जातं. लहानपणी मीही गेलोय. गुडघाभर गढूळ पाण्यात हातानं मासे धरलेत. घरी आल्यावर आई ते साफ करायला बसायची आणि म्हणायची, 'सगळी गाबोळीनं भरल्यात रं.' तेव्हा त्या वाक्याचा अर्थ मला फक्त जेवणातली चंगळ एवढाच कळायचा.

गाबोळी म्हणजे माशाची अंडी. पहिल्या पावसात ओढ्यानं वर चढणारा मासा अंडी घालायलाच निघालेला असतो. आज मला त्या वाक्याविषयीच बोलायचंय.

गळ टाकून मासे धरायचा छंद मला चाळीस वर्षांपासून आहे. आमच्यासारख्या गळकऱ्यांच्या गप्पांत सध्या एकच विषय असतो: धरणांतल्या मासेमारीला नियम हवेत. किती वजनाचा मासा धरावा, किती धरावेत, कुठल्या महिन्यांत धरू नयेत. नियम हवेत, हे मलाही मान्य आहे. पण ते कुणासाठी आणि कुठल्या माशासाठी, हे आधी ठरवायला हवं.

आपल्या धरणांत दोन तऱ्हेचे मासे असतात. पहिले आणून सोडलेले. कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, मच्छीमार संस्था विकत आणते, पाण्यात सोडते आणि वाढल्यावर जाळ्यानं काढते. हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं. म्हणून बीज दरवर्षी सोडावं लागतं. दुसरे मासे नदीचे स्वतःचे. महसीर, ज्याला जुनी माणसं खडस म्हणतात, मरळ, शिंगाळा, वाम. यांचं बीज गाडीतून येत नाही. जे आहे ते ओढ्यानाल्यांत, रेतीगोट्यांत, वेलींच्या आडोशाला तयार होतं. गळकऱ्याला ओढ लावणारे मासे हेच, आणि कमी होत चाललेतही हेच.

मरळीचंच बघा. पावसाळ्यात नर-मादी गवतात जागा साफ करून अंडी घालतात. पिल्लं बाहेर पडली की त्यांचा तांबडालाल घोळका पाण्यावर फिरत राहतो आणि खाली आईबाप पहारा देतात. जाणत्या माणसाला तो घोळका लांबून दिसतो. त्यातून गळ फिरवला की पिल्लांना वाचवायला आलेली मरळ हमखास चावते. या पद्धतीनं धरलेल्या मरळीच्या बढाया मी पुष्कळ ऐकल्यात. त्या मरळीमागं राहिलेला घोळका दिवस-दोन दिवसांत इतर मासे फस्त करतात. यात कसलं कौशल्य आलं? ही पद्धत पूर्ण बंदच व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

गेल्या महिन्यात पंचगंगेच्या काठी एका भोई समाजाच्या काकांशी या विषयावर बोलणं झालं. माझं सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "मास्तर, तुमचा गळ हौसंचा, आमचं जाळं पोटाचं. बंदी आणलीसा तर तुम्ही रविवारी घरात बसशीला. आम्ही काय खायाचं?"

हा प्रश्न टाळून पुढं जाता येत नाही. कटला-रोहूवर आणखी बंधनं घालून महसीर वाचणार नाही, त्यानं फक्त काकांची चूल थंड होईल. गळकऱ्यांपैकी काहीजण 'जाळी बंद करा, गळ चालू ठेवा' म्हणतात, ते मला बिलकूल पटत नाही.

त्यांचा युक्तिवाद असा, की आम्ही मासा धरतो, फोटो काढतो आणि सोडून देतो. पाणी गार असतं तेव्हा यात तथ्य आहे. पण आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यांत धरणं आटतात आणि उरलेलं पाणी तापतं. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागं साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशाला तो साधारण साडेसातवर येतो. तापलेल्या पाण्यात माशाला जास्त प्राणवायू लागतो आणि मिळतो कमी. त्यात दहा मिनिटं झुंजवून दमवलेला मोठा महसीर हातातून निसटून जाताना चांगला दिसतो, पण पुढं तो जगलाच असं सांगता येत नाही. उन्हाळ्यात मासे उरलेल्या डोहांत गोळा झालेले असतात, म्हणून गळाला सापडतातही लवकर. गळकऱ्यांवर पहिला नियम हाच हवा: उन्हाळ्यातल्या दुपारी गळ बंद.

आणि 'बीज सोडलं की झालं' असं ज्यांना वाटतं, त्यांनी कावेरीकडं बघावं. लोणावळ्याच्या टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली आपल्याकडच्या महसीरची पिल्लं तिथं सोडली गेली. ती इतकी फोफावली, की कावेरीचा स्वतःचा पाठीवर उंचवटा असलेला महसीर मागं पडला. २०१८ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. पिल्लं सोडताना हेतू चांगलाच होता. प्रत्येक नदीचा मासा त्या नदीलाच वाढवू द्यावा, हेच बरं.

म्हणून माझं म्हणणं सगळं पावसाच्या पहिल्या दोन महिन्यांवर येऊन ठेपतं. पश्चिम किनाऱ्याच्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौका बंद असतात, हे आपल्याला ठाऊक आहे. ओढ्याच्या तोंडाशी मात्र ती शिस्त कुणी पाळताना मला दिसत नाही. धरणात मिळणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी आणि बंधाऱ्यांखाली, काठावर दगड रोवून खूण केलेल्या पट्ट्यात, त्या काळात ना जाळं ना गळ. धरणाच्या मध्यभागी संस्थेला तिचा कटला काढू द्या.

बंधाऱ्याचा उल्लेख मुद्दाम केला. ज्याला सगळीकडं कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात, त्याची रचनाच अशी, की पावसाळ्याआधी बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा बसवतात. म्हणजे वर्षातून एकदा नदी वरपर्यंत मोकळी होते. ती मोकळी झाल्याबरोबर खांबांच्या मधल्या गाळ्यांना आपण मच्छरदाण्या बांधतो. पिल्लासकट सगळं त्यात येतं. सुरुंगाची दारू आणि विष वापरून मासे मारण्याला कायद्यानंच बंदी आहे. ती बंदी जरी नेटानं पाळली, तरी निम्मं काम होईल.

काकांना मी हे सगळं सांगितलं. लहान मासा सोडायचं त्यांना पटलं, मोठं भोक असलेलं जाळं ते स्वतःच वापरतात. जास्त अंडी घालणारी मोठी मादी सोडायची म्हटल्यावर मात्र त्यांनी नकारार्थी मान हलवली, कारण बाजारात भाव मोठ्यालाच असतो. त्यावर माझ्याकडंही पक्कं उत्तर नाही. मोठ्या माशाची वरची मर्यादा, म्हणजे ठराविक वजनापेक्षा मोठा मासा सोडूनच द्यायचा हा नियम, सध्या फक्त महसीरला आणि फक्त गळकऱ्यांना लावावी, असं मला वाटतं. उठताना ते एवढंच म्हणाले, "आधी तुमची माणसं ओढ्यावरनं उठवा, मग आमच्या वाड्यात या."

म्हणून यंदा मृग लागला की माझा गळ माळ्यावर जाईल, तो गणपती विसर्जनानंतरच खाली येईल. गावातल्या चार-पाच गळकरी मित्रांनी हेच कबूल केलंय. पहिला पाऊस पडला की आम्ही ओढ्याच्या पुलावर जाऊन थांबणार आहोत, मोकळ्या हातानं. जाळी घेऊन आलेल्या पोरांना एखादी गाबोळीनं भरलेली मादी हातात घेऊन दाखवायची आणि त्यांच्या समोरच पाण्यात सोडायची, एवढं ठरवलंय. आपल्या गावचा ओढा जवळ असेल, तर त्या दिवशी आपणही या.

नमस्कार.