डबा मराठी बोलतो, पण जंगलात रेंज नाही

नमस्कार मंडळी. बेळगावात गणपत गल्लीत उभा आहे, मागं गर्दी आहे, आवाज जरा सांभाळून घ्या. हे ऐका.

(मागून स्पीकर: "40 रुपये मिळाले.")

भाजीवाल्या मावशींचा डबा हा, फोनवरनं पैसे आले की बोलून सांगणारा. मराठीत बोलला. शेजारच्या फळवाल्याचा कन्नडात बोलतो. आपल्याकडं पाट्यांवरनं किती वर्षं भांडणं चाललीत ते तुम्हाला काय सांगायचं! आणि हा डबा बघा की, ज्याला हवी ती भाषा गपगुमान बोलतो. डबा देणाऱ्या कंपनीला मराठीचा पुळका आलाय म्हणून नव्हे हं. मावशींना कळलं नाही तर त्या डब्याचं भाडं भरणार नाहीत, एवढंच.

आता भाडं कशाला? यूपीआय 2016 साली आलं. ते चालवणारी एनपीसीआय म्हणजे सरकारी खातं नव्हे, बँकांनी मिळून उभारलेली, नफा न वाटणारी कंपनी. रस्ता तिचा, वरच्या गाड्या बहुतेक खाजगी. 2025 च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात व्यवहारांची संख्या 2,000 कोटींवर गेली, आणि पाचातले जवळपास चार दोनच ॲपवरनं: फोनपे आणि गूगल पे. एका ॲपकडं 30 टक्क्यांहून जास्त व्यवहार नकोत, असं 2020 मध्ये ठरलं होतं. मुदत ढकलत ढकलत 2026 च्या डिसेंबरअखेरीला नेलीय.

त्यात 2020 च्या जानेवारीपासून यूपीआयवर दुकानदाराकडनं कमिशन कापायचं नाही. मावशींचे 40 म्हणजे पूर्ण 40. मग कंपनीनं खायचं काय? डब्याचं भाडं, आणि दुकानदारांना मिळवून दिलेली कर्जं. रोज किती गल्ला येतो ते दिसतं ना त्यांना. ज्याच्याकडं दाखवायला एक कागद नाही, त्याला या हिशेबावर कर्ज मिळतं. मला हे चांगलंच वाटतं. पण हिशेब एकदा लिहिला गेला की तो दुसराही वाचतो. जुलै 2025 मध्ये बेंगळुरात छोट्या दुकानदारांना यूपीआयचे आकडे बघून जीएसटीच्या नोटिसा आल्या, आणि दुकानांवर 'नो यूपीआय'च्या चिठ्ठ्या लागल्या.

चला, आता खानापूरकडं. माझी आत्या तिकडं जंगलाच्या कडेला राहते. फोन बटणाचा, रेंज म्हणजे नशिबाचा खेळ. घरं थोडी, डोंगर जास्त, तिथं कंपनी टॉवर कशाला घालेल? म्हणूनच टेलिकॉम कंपन्यांच्या महसुलातले 5 टक्के अशा भागांसाठी सरकार घेतं. त्या पैशाला आता डिजिटल भारत निधी म्हणतात.

आत्याच्या खात्यात कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2,000 रुपये येतात. ते काढायला ती बँकेत जात नाही, बाजारच्या गावात एका किराणा दुकानात जाते. दुकानदार बँकेचा प्रतिनिधी. आधार नंबर, मशीनवर बोट, हातात नोटा. रिझर्व्ह बँकेनं असे प्रतिनिधी नेमायला 2006 मध्ये परवानगी दिली. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांना ते काम 2010 मध्ये खुलं झालं, त्यानंतर खाजगी लोक यात उतरले.

शेतात राबून आत्याच्या बोटांच्या रेषा झिजल्यात. निपाणीत बिड्या वळणाऱ्या बायकांना विचारा, त्याही हेच सांगतील. मशीन दोनदा नाही म्हणतं. मग दुकानदार म्हणतो, "आत्या, बोट पदराला पुसा, दुसरं लावून बघू." नोटा दोनदा मोजून देतो, किती शिल्लक राहिले ते मराठीत सांगतो. बटणाच्या फोनवरनं यूपीआय करायची सोय 2022 पासून आहे, पण ती तिला कुणी शिकवली नाही. तिच्यापुरती डिजिटल इकॉनॉमी म्हणजे हा माणूस. आणि त्याचं कमिशन मात्र बारकंच! मला विचाराल तर कंपन्यांनी नव्या ॲपच्या जाहिराती जरा कमी कराव्यात आणि त्याचं कमिशन आधी वाढवावं.

कणकुंबी, जांबोटीकडचं कोण बघत असेल, म्हणजे व्हिडिओ इथवर अडकला नसेल, तर तुमच्याकडं कुठल्या झाडाखाली रेंज येते तेवढं कळवा. पुढच्या खेपेला कॅमेरा तिथंच लावतो.