फोन कोण उचलतो?

अध्यक्ष महाराज आणि पावसाला न जुमानता आलेली मंडळी, पत्रिकेवर माझा विषय 'मतदानपूर्व चाचण्यांचं संख्याशास्त्र' असा छापलाय. तो मी घेणार आहे. घाबरू नका, शेवटी घेणार आहे.

२०१२ च्या सप्टेंबरात आम्ही दोघं मुलाकडे कोलंबसला होतो. कोलंबस म्हणजे ओहायो, कुणाकडेही झुकू शकणारं राज्य, आणि अध्यक्षपदाच्या लढतीत डेमोक्रॅट ओबामा काय नि रिपब्लिकन रॉम्नी काय, ज्याला त्याला ओहायोच हवं होतं. टीव्ही लावला की जाहिराती, टपालपेटी उघडली की पत्रकं, आणि जेवायला बसलं की स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा फोन. घरात मोबाइल तीन, पण हा इंटरनेटच्या जोडणीबरोबर फुकट आलेला. फुकट आलेलं आपण काढतो होय? (हशा. मागच्या रांगेत जरा उशिरा पोचला.)

मुलगा पक्का ओबामावाला. फोन वाजला की तोंडातला घास तसाच ठेवून उठायचा आणि पोलवाल्यांना, म्हणजे या चाचण्या घेणाऱ्यांना, पंधरा-पंधरा मिनिटं उत्तरं द्यायचा. एकदा तो अंघोळीला गेला असताना आमच्या हिने उचलला. 'आज निवडणूक झाली तर मत कुणाला द्याल?' ही म्हणाली, 'आज नाहीये हो, सहा नोव्हेंबरला आहे.' पलीकडच्या बाईंनी आभार मानले.

शेजारचे गृहस्थ रॉम्नीचे. अंगणातली पानं गोळा करताना मला बजावायचे, 'पोलवाले डेमोक्रॅटच जास्त घेतात, आकडे तिरके आहेत.' तेव्हा असे आकडे 'सरळ करून' देणारी एक वेबसाइटच निघाली होती. रिपब्लिकनांचं प्रमाण वाढवायचं, की रॉम्नी पुढे. पत्रिका जुळत नाही म्हणून जन्मवेळ बदलण्यातलाच प्रकार.

मग ३ ऑक्टोबर. डेन्व्हरला दोघांची पहिली जाहीर चर्चा. ओबामा मान खाली घालून टिपणं काढतायत, रॉम्नी सुटलेत. मुलाने अर्ध्यातच टीव्ही बंद केला. सोमवारी प्यू या संशोधन संस्थेचा पोल आला. सप्टेंबरात ओबामा ५१-४३ असे पुढे होते, आता रॉम्नी ४९-४५. शेजाऱ्यांचे तिरके आकडे एका रात्रीत सरळ! भोपळ्याचा 'पाय', म्हणजे तिकडचा गोड पदार्थ, घेऊन आले बिचारे. आणि आमच्याकडे फोन नुसता वाजायचा. 'उचल ना रे.' 'नको बाबा, कशाला उगाच.' वाजून वाजून गप्प व्हायचा. ही म्हणाली, 'घरात सुतक आहे का?'

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आता विषय.

संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू गेलमन आणि सहकाऱ्यांनी त्या निवडणुकीचे शेवटचे ४५ दिवस एक्सबॉक्सवर व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांना रोज प्रश्न विचारले. माणसं साडेतीन लाखांच्या आसपास, मुलाखती साडेसात लाख. डेन्व्हरनंतर त्यात डेमोक्रॅट उत्तरं देईनासे झालेले दिसले. उत्तरं देणाऱ्यांतलं दोन्ही पक्षांचं प्रमाण स्थिर धरून हिशेब केला तर रॉम्नींची मुसंडी बरीचशी विरघळली. मतं फारशी फिरली नव्हती, उत्तरं देणारे बदलले होते. समर्थक हिरमुसतो, फोन घेत नाही, पोल आणखी पडतो, तो आणखी हिरमुसतो.

म्हणजे शेजारी बरोबर होते? अर्धे. पक्षाचं वजन लावण्यात, म्हणजे उत्तरं पक्षांच्या खऱ्या प्रमाणात बसवण्यात, गैर नाही. गेलमननी ते प्रमाण २००८ च्या मतदानोत्तर चाचणीवरून घेतलं, वेबसाइटवाल्यांनी रिपब्लिकनांना सोयीच्या आकड्यांवरून. गॅलप या नावाजलेल्या पोल संस्थेचा शेवटचा आकडाही रॉम्नी ४९-४८ होता. निकाल ओबामा ५१.१, रॉम्नी ४७.२. फॉक्स न्यूजने ओहायो ओबामांनी जिंकल्याचं जाहीर केलं तेव्हा रिपब्लिकनांचे रणनीतिकार कार्ल रोव्ह त्याच चॅनेलवर बसून मानायला तयार नव्हते.

२०१६ राहिलं. एवढंच सांगतो, ट्रम्पना २४० हून जास्त इलेक्टोरल मतं (राज्यांच्या वाट्याची; जिंकायला २७० लागतात) मिळाली तर किडा खाईन, असं पोलवरून अंदाज बांधणारे प्रिन्स्टनचे प्राध्यापक सॅम वँग म्हणाले होते. सीएनएनवर मध लावून खाल्ला. शाकाहाऱ्यांनी असल्या पैजा जपून लावाव्यात.

दुसरी चिठ्ठी. उठतो. मुलाचं विचारताय ना? १६ ऑक्टोबरच्या दुसऱ्या चर्चेत ओबामा सावरले. सतराच्या संध्याकाळी पहिल्या घंटेला फोन उचलला गेला, आणि आमटी गार झाली.