प्रॅटिक: जहाजाला मोकळं करणारा शब्द

हा पिवळा झेंडा बघा. जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभंय, धक्का समोर दिसतोय, पण कुणी खाली उतरायचं नाही आणि किनाऱ्यावरचं कुणी उगाच वर चढायचं नाही. सगळे थांबलेत ते एका शब्दासाठी. प्रॅटिक.

पूर्ण म्हणायचं तर फ्री प्रॅटिक. जहाजावर साथीचा आजार नाही हे बंदराच्या आरोग्य अधिकाऱ्यांना पटलं की ही परवानगी मिळते, मग माणसं उतरवा, माल उतरवा, सामान भरा, काय हवं ते करा. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला, प्रॅक्टिसचाच भाऊबंद आहे, पण इथे सरावाचा काही संबंध नाही, अर्थ आहे देणंघेणं, येणंजाणं, ऊठबस. म्हणजे वाळीत टाकलेल्याला परत माणसात घ्यावं तसं बंदर त्या जहाजाला घेतं!

आता वाळीत का टाकायचे? प्लेगमुळे. 1377 मध्ये रगुसाने, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने, नियम केला की प्लेगच्या भागातून आलेल्यांनी आधी 30 दिवस गावाबाहेर काढायचे, मगच आत. पुढे 30 चे 40 झाले आणि इटालियन भाषेतल्या चाळीसच्या आकड्यावरून क्वारंटाइन हा शब्द आला, जो 2020 नंतर कुणाला समजावून सांगायची गरजच उरली नाही. व्हेनिसने तर 1423 मध्ये यासाठी एक बेटच राखून ठेवलं. तेवढे दिवस धडधाकट काढले की प्रॅटिक.

झेंड्याची गंमत वेगळीच आहे. पूर्वी पिवळा झेंडा म्हणजे आत आजार आहे, लांब राहा. आज इंटरनॅशनल कोडमध्ये, म्हणजे जहाजांच्या झेंड्यांच्या सांकेतिक भाषेत, तोच पिवळा क्यू फ्लॅग सांगतो की माझं जहाज निरोगी आहे, प्रॅटिक द्या. रंग तोच, निरोप बरोबर उलटा.

हल्ली बऱ्याच ठिकाणी कॅप्टन आधीच आरोग्याचं डिक्लरेशन पाठवतो आणि जहाज पोचायच्या आत परवानगी येते, त्याला रेडिओ प्रॅटिक म्हणतात. आणि हो, आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत हा शब्द विमानालाही लागतो, लँडिंगनंतर प्रवासी उतरवायला पण फ्री प्रॅटिकच!

पण दरवेळी हे सगळं इतकं पटकन होतंच असं नाही. फेब्रुवारी 2020, जपानचं योकोहामा, डायमंड प्रिन्सेस नावाचं क्रूझ जहाज, त्यावर 3711 माणसं. किनारा अगदी समोर, आणि बहुतेकांना दिवसचे दिवस आपापल्या केबिनमध्ये बसून तो नुसता बघायचा.